कुंभिवलीची लाल विहीर

कुंभिवली, २ मे १९४३

ती. सुंदराआक्कास आबाजीचा प्रभूमध्ये सलाम.

मिशनच्या मडमांचं स्वयंपाकघर घेऊन तू माथेरानला चढलीस त्याला महिना झाला. गार वाऱ्यात बसून तुला धाकट्या भावाची आठवण कशाला येईल, म्हणून मीच लिहितो. बायजा बरी आहे. गोदाला सहावं लागलं आणि आता ती मलाच शहाणपण शिकवते. सडकेचं काम चालू आहे. लष्कराच्या गाड्या इतक्या धावतात की आज टाकलेली खडी आठवड्यात उखडते आणि मुकादम म्हणून शिव्या मी खातो.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. कळंबला पटकीने सात माणसं गेली. परवा खालापूरच्या बाजाराहून येणारा एक जण वाटेतच आडवा झाला. आता गाव मरीआईचा गाडा काढून शिवेबाहेर नेऊन सोडणार आहे. त्यासाठी घरटी एक कोंबडं मागितलं. मी नाही म्हणालो. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, तेव्हा सगळ्यांच्या नजरा आमच्याच दाराकडे.

शेजारची अंबाबाई तुला ठाऊक आहे. तिचा म्हातारा विठू माझ्या टोळीत खडी फोडतो आणि रविवारी आमची प्रार्थना ऐकायला पायरीवर येऊन बसतो. त्याला गाणी आवडतात. अंबाबाई मात्र तोंडाची फटकळ. काल भर रस्त्यात मला म्हणाली, "आबा, कोंबडं देऊ नको, तुजी मर्जी. पर उद्या आडवा पडलास तर तुजा देव येनार हाय का पाण्याचा तांब्या घेऊन?" सगळे हसले. मी तसाच घरी आलो.

आक्का, तू शास्त्र माझ्यापेक्षा जास्त वाचलंस. न्यायाच्या दिवसांत देव आपल्या माणसांना कसा राखतो ते नीट लिही. रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवीन.

तुझा आबाजी


माथेरान, ५ मे १९४३

चि. आबाजीस सुंदराचा सलाम आणि आशीर्वाद.

गार वारा मडमांना, मला चूल आहे. वर इथली लाल माती! पाय लाल, पदर लाल, धुतलेली भांडीसुद्धा लाल. संध्याकाळी आरशात पाहिलं तर घोडेवाल्याचं तट्टू आणि मी यांत फारसा फरक दिसत नाही.

तू विचारलंस म्हणून आनंद झाला. लहानपणी तुला शाळेत ओढत न्यावं लागे आणि आज तू शास्त्र विचारतोस. मिसर देशाची गोष्ट आठव. तिथल्या राजाने देवाच्या लोकांना गुलाम करून ठेवलं, म्हणून त्या देशावर एकामागून एक पीडा आल्या. नदीचं पाणी रक्त झालं, गुरं मेली, तीन दिवस अंधार पडला. पण देवाचे लोक राहत होते तिथे उजेड होता. आणि शेवटच्या रात्री ज्यांच्या चौकटीवर कोकराच्या रक्ताची खूण होती, त्यांची घरं ओलांडून संहार पुढे गेला. आबा, ती खूण आपल्या दारावर आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी. अंबाबाईला सांग की आमच्या उंबऱ्याच्या आत पटकी पाऊल टाकणार नाही.

हे मी लिहिलं आणि माझं मलाच इतकं बरं वाटलं की दोनदा वाचलं. गोदाला माझ्याकडून पापी. तिच्यासाठी चिक्की ठेवली आहे, पण तुझ्याकडे पाठवली तर ती पोचायची नाही.

सुंदरा


कुंभिवली, १६ मे १९४३

ती. आक्कास सलाम.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी मी ते मोठ्याने वाचलं. पायरीवर विठू होता आणि कुडापलीकडे चार बायका कान देऊन उभ्या होत्या. आणि आक्का, सोमवारी सकाळी काय झालं ऐक.

बायजा पाण्याला गेली ती रिकामी घागर घेऊन पळत आली. विहीर लाल झाली होती! मी जाऊन पाहिलं. तळाशी असलेलं थोडकं पाणी तांबडंजांभळं, जसं काही कोणी जनावर कापलं आहे. खालापूरहून आरोग्य खात्याचा एक माणूस आला होता, त्याने बाटलीतून काही ओतलं होतं. म्हणाला, हे औषध आहे, रोगाचे किडे मरतात, निवांत प्या. लोकांनी नाकं मुरडली. काही प्यायले, काही नाही. पाणी तुरट लागत होतं.

मला मात्र त्यात मिसर दिसलं. काल तुझं पत्र वाचतो काय आणि आज पाणी रक्त होतं काय! औषध असेलही. पण देव खूण दाखवायला माणसाचाच हात वापरतो ना? मी घरात सांगितलं, हे पाणी आपण प्यायचं नाही. मग गावाखालच्या ओढ्यात जाऊन वाळूत झिरा खणला. हातभर खणलं आणि पाणी लागलं. इतकं नितळ की तळाची वाळू मोजावी. गुडघे टेकून मी देवाचे उपकार मानले.

बायजा कुरकुरते. तिला म्हणे विहिरीचंच बरं, अंबाबाईही तेच पिते. मी तिच्यावर जोर केला नाही. गोदा आणि मी झिऱ्याचं पितो. कामावर मडकं भरून नेतो. टोळीतल्या बाकीच्यांनी तुरट पाणी पत्करलं. त्यांना म्हटलं, तुमची मर्जी.

आज सहा दिवस झाले, घरात सगळे ठणठणीत आहेत.

आबाजी


माथेरान, १९ मे १९४३

आबा,

सलाम पुढे. तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली आणि मडमसाहेब विचारायला आत आल्या. त्यांना कळेना मी का रडते.

अरे वेड्या, गोष्ट पुरती वाचलीस का? पाणी रक्त झाल्यावर नदीच्या काठाकाठाने झिरे खणत हिंडले ते कोण? मिसरी लोक! देवाचे लोक नव्हेत. तू उलट्या बाजूला जाऊन बसलास. वरच्या पाड्यांत पटकी आहे असं इथले घोडेवाले सांगतात, आणि तिथली सगळी घाण त्याच ओढ्याने खाली येते. नितळ दिसलं म्हणून पाणी चांगलं होत नाही. लाल आहे तेच तुमचं तारण आहे. हे पत्र हातात पडताच झिरा बुजव. विहिरीचं पाणी उकळून प्या, गोदाला पाज.

आणि दुसरं. मला लाज वाटते, पण लिहिते. वर येताना नेरळला सगळ्यांना लस टोचली. मीही मुकाट्याने दंड पुढे केला. दोन दिवस हात सुजला होता. तुला ते कळवलं नाही, कारण चौकटीवरच्या खुणेच्या पत्रात ते शोभलं नसतं. मी सुई टोचून घेतली आणि तुला नुसते शब्द पाठवले. लस टोचणारा खालापूरला येत असेल तर आजच्या आज जा.

कार्ड टाकलं तर कोणीही वाचेल म्हणून पाकीट केलं. लवकर पोचो. लगेच उत्तर पाठव, एक ओळ चालेल.

सुंदराआक्का


कुंभिवली, ३ जून १९४३

आक्कास बायजाचा सलाम.

ह्ये पत्र शाळंचं धोंडी मास्तर लिवतायत. मी त्यांना म्हनलं, मी बोलते तसंच लिवा, सुधारू नका. तुमची तीन कार्डं आली, उत्तर द्यायला कोन उभं नव्हतं. म्हनून आधी सांगते, गोदा हाय. ह्ये पन हायत. आता पुढचं वाचा.

वीस तारखेला म्हातारा विठू सडकेवरच बसला तो उठला नाय. दुसऱ्या दिशी दुपारी गेला. बावीसला गोदाला पटकी लागली, आन सांजच्याला ह्यांना. तुमचं पाकीट त्येच दिशी आलं. ह्यांनी पडल्या पडल्या वाचलं आन कपाळावर मारून घेतलं. मला म्हनले, झिरा बुजव. मी धावत जाऊन हातांनी बुजवला. परत आले तर पोरीचं डोळं आत गेलतं, बोटांची कातडी सुरकुतली व्हती. गावातलं कोन दारात येईना. मी दोघांत एकटी, आक्का, रडावं का पळावं ते सुदरंना.

तवा अंबाबाई आली. घरात सुतक, नवऱ्याला जाऊन एक दिस झालेला. बाया तिला म्हनल्या, तिकडं मरी हाय, जाऊ नको. ती म्हनली, "पोरीनं काय केलंय?" तांब्या घेऊनच आली. लाल विहिरीचं पाणी उकळलं, त्यात मीठ घातलं, गुळाचा खडा घातला, आन शिंपलीनं पाजीत बसली. पोर वकायची, ही परत पाजायची. मी पेंगले तर मला ढोसायची, "तू त्याला पाज, मी हिला पाजते." दोन दिस तिनं मांडी हलवली नाय. तिसऱ्या दिशी खालापूरचं डाक्तर आलं. ते म्हनलं, ही म्हातारी नसती तर मी उगाच आलो असतो. आन गोदा म्हनली, "आई, भूक." त्या दोन शब्दांसाठी मी देवाचं पाय जन्मभर धरीन.

ह्ये आता उठून बसत्यात. पर बोलत नायत. अंबाबाई आली की भिंतीकडं तोंड करत्यात. तिनं एवढं केलं आन ह्ये असं का, मला कळंना. तुमी इचारा.

बायजा


माथेरान, ७ जून १९४३

माझ्या बायजास आणि आबास सलाम.

बायजा, तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग ओट्यावर बसले ती उठेचना. दोन्ही मडम आल्या. त्यांना मराठी वाचता येतं, पण तुझं बोलणं त्यांना समजेना, म्हणून मी एकेक वाक्य सांगितलं. शिंपलीपाशी आलो तेव्हा तिघीही रडत होतो. मग तिथेच, राखेत आणि भांड्यांत, आम्ही गुडघे टेकले. नुसतं "बापा, बापा" म्हणत राहिले. गोदा आहे! देवाच्या दयेला अंत नाही गं. अंबाबाईच्या हातांना माझा सलाम सांग. नाहीतर नको, मी आले की स्वतः त्या हातांची पापी घेईन. ती शिव्या देईल, देऊ दे.

आबा, आता तुला एकच विचारते आणि त्याला खरं उत्तर दे. विठू कुठलं पाणी प्यायला?

सुंदरा


कुंभिवली, १५ जून १९४३

आक्का,

तू ते विचारू नयेस असं वाटत होतं. पण लहानपणी मी गूळ चोरला की तू माझ्या तोंडाचा वास घ्यायचीस, तशीच आजही आहेस.

विठू माझ्या मडक्यातलं पाणी प्यायला. टोळीत तो एकटाच माझ्याबरोबर आला. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. त्या वेळी लपवायचं म्हणून नाही, तर फुशारकी वाटेल म्हणून, की बघ, एकाने तरी माझं ऐकलं. मी त्याला सांगितलं होतं, "विठूबाबा, ते रक्ताचं पाणी, त्याला शिवू नका. आमच्या देवाने दिलंय ते प्या." तो म्हणाला, "ग्वाड हाय रं पाणी." आठ दिवस प्यायला. माझी हाडं तिशीतली, मी वाचलो. तो सत्तरीचा होता.

अंबाबाईला हे ठाऊक नाही. ती रोज येते, गोदाच्या तोंडावरून हात फिरवते, मला विचारते, "बरं वाटतंय का रं?" आणि मला भिंतीकडे पाहावं लागतं. बायजा म्हणते, उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवू, अंबाबाईला पुढे बसवू. मी काय म्हणून प्रार्थना करू? "बापा, तू आमचं घर राखलंस" असं म्हणायचं, तिच्या कपाळावर कुंकू नसताना? राखलं तर माझी पोर का, आणि विठू का नाही? अपराध माझा होता.

मी साहेबांकडे कर्जतच्या बाजूला बदली मागणार आहे. इथलं पाणी आता माझ्याने गिळवत नाही.

आबाजी


कर्जत, २१ जून १९४३

चि. आबास सलाम.

पावसामुळे माथेरानची गाडी बंद व्हायच्या आत आम्ही खाली उतरलो. हे पत्र मिशनच्या शाळेतून लिहिते आहे.

बदली मागू नकोस. इथे मी तुला भाकरी घालीन, पण तुझ्याकडे पाहणार नाही.

तुझ्या अपराधात निम्मा वाटा माझा आहे आणि तो मी तुला एकट्याला वाहू देणार नाही. मी तुला असं लिहिलं की देवाची राखण म्हणजे आपल्या घराभोवतीची भिंत, आत आपण, बाहेर बाकीचे मरोत. महिनाभर मी त्यावर विचार केला. जलप्रलयात तारवात बसलेल्या लोकांनाही हेलकावे लागलेच असतील. पाऊस त्यांनीही ऐकला, जनावरांची घाण त्यांनीही काढली, आणि बाहेर ओळखीची माणसं बुडत होती तेव्हा त्यांच्या घशाखाली घास उतरला असेल असं मला वाटत नाही. वाचणं म्हणजे आपण इतरांहून बरे होतो असं नाही. विठू का नाही, ते मला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं लिहिणं मी आता सोडलं आहे.

पण एवढं ठाऊक आहे. पटकी आपल्या उंबऱ्याच्या आत आली, आणि तिच्यामागून देवही आला. तो कोणाच्या पायांनी आला ते तू पाहिलंस. विहीर लाल करणाराही त्यानेच पाठवला होता, आपण दोघांनी ओळखला नाही.

आता ऊठ. आधी अंबाबाईकडे जा, मग देवाकडे. तिला सगळं सांग. तिने मारलं तर मार खा. दाराला कडी घातली तर बाहेर बस. ते झाल्याशिवाय उपकारस्तुती करू नकोस, ती छपरावरून वर जायची नाही.

तुझी आक्का


कुंभिवली, ५ जुलै १९४३

ती. आक्कास आबाजी, बायजा आणि गोदाचा सलाम.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. पावसाने त्याची शाई पसरली, पण मला ते पाठ झालं होतं. रविवारी सकाळी अंबाबाईकडे गेलो. ती चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती. मी दारातच उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. झिरा, मडकं, मी विठूबाबाला काय म्हणालो ते, सगळं.

ती फुंकत राहिली. लाकडं पेटली तेव्हा म्हणाली, "मला ठावं हाय."

मला वाटलं तिने ऐकलंच नाही. मी परत सांगू लागलो, तर तिने हात वर केला. "म्हाताऱ्यानं सांगितलं जायच्या आधी. म्हनला, आबाच्या झिऱ्याचं पाणी प्यालो. त्याला बोलू नको, पोरगं देवभोळं हाय, त्यानं चांगलं समजूनच पाजलं."

"मग तुला तेव्हाच ठाऊक होतं? गोदाला पाजायला आलीस तेव्हा?"

"व्हय. आन तू लय पुन्यवान हायेस असं समजू नको. म्हाताऱ्याला पोचवून आल्यावर मी तुला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या कुनाला घातल्या नाय. धोंडा उचलला व्हता मी, आबा. तुज्या दारात येऊन तुज्या डोक्यात घालनार व्हते. निम्म्या वाटंवर बायजाचं रडनं ऐकलं, पोरीला लागली म्हनून." तिने लाकूड आत सारलं. "मंग धोंडा तितंच ठिवला, घरी गेले, आन तांब्या उचलला."

आक्का, मी तिच्या ओसरीवर बसून पोरासारखा रडलो. ती रडली नाही. तिने मला चहा दिला. त्यात गूळ जास्त होता.

उपकारस्तुती काल झाली. अंबाबाईला पुढे बसवलं, ती उठून पायरीवर विठूच्या जागी जाऊन बसली. मी उभा राहिलो आणि गोदाचं नाव घेऊन आभार मानले. मग अडलो. तिच्याकडे पाहिलं. तेव्हा पायरीवरून तीच म्हणाली, "थांबलास का? पोर वाचली ना? मोठ्यानं मान आभार. चोरासारखा कुजबुजू नको. आन माज्या म्हाताऱ्याचं नावपन तुज्या देवाच्या कानावर घाल." मी घातलं. मग आम्ही विठूबाबाच्या आवडीचं गाणं म्हटलं. त्याचे शब्द तिला सगळे येत होते.

बदलीचा अर्ज दिला नाही. आरोग्य खात्याचा माणूस दर शनिवारी औषधाची पुडी माझ्या हवाली करतो. ती विहिरीत मी टाकतो आणि लाल पाण्याचा पहिला पेला गावासमोर मी पितो. मग लोक भरतात. गोदा तोंड वाकडं करते पण पिते.

काल सगळे गेल्यावर मी अंबाबाईला म्हटलं, "मे महिन्यात तू भर रस्त्यात मला एक विचारलं होतंस. उत्तर तेव्हा सुचलं नव्हतं."

"काय इचारलं व्हतं?"

"आडवा पडलास तर तुझा देव येणार आहे का, पाण्याचा तांब्या घेऊन."

तिला आठवायला वेळ लागला. मग तिने पदर तोंडाला लावला आणि मी पहिल्यांदा तिला रडताना पाहिलं. जाताना म्हणाली, "मेल्या, माजा तांब्या अजून तुमच्याकडंच हाय. दे की."

मी तो घासूनपुसून, भरून तिच्या घरी पोचवला.

तुझा आबाजी